मोटारीची पेटी चालू असताना झाकण उघडतं का? एकदा आपापल्या विहिरीवर जाऊन पाहा

कोरडवाहू_दारव्हा

मागच्या मंगळवारी रात्री दीडच्या सुमारास आमच्या सालदाराला वावरात करंट लागला. माणूस वाचला. उजव्या हाताची दोन बोटं भाजली, खांद्यापर्यंत अजून मुंग्या येतात. डॉक्टरांनी ईसीजी काढून रात्रभर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. चूक माझी होती, म्हणून लिहितोय. तीच चूक इथल्या कितीतरी जणांच्या विहिरीवर आजही भिंतीला टांगलेली असणार.

या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईन. हरभऱ्याला दुसरं पाणी चालू होतं. एक फेज गेला आणि मोटार बंद पडली. सालदाराने बॅटरी दातात धरली, मेन स्विचचं झाकण उघडलं आणि कोणता फेज गेला ते पाहायला टेस्टर लावला. हात ओले, टेस्टर घसरला, बोटं सरळ आतल्या पात्यावर. मागे फेकला गेला म्हणून सुटला. तिथेच चिकटला असता तर सकाळपर्यंत कोणाला कळलंही नसतं, कारण पाणी चालू असलं की आम्ही त्याला फोन करत नाही.

आता मूळ गोष्ट. बाजूला दांडा असलेला लोखंडी मेन स्विच सगळ्यांनी पाहिला आहे. दांडा वर, म्हणजे चालू असला, तर त्याचं झाकण उघडायलाच नको. आत दांड्याच्या आसावर बोटाएवढा एक हूक असतो. दांडा वर गेला की तो हूक झाकणाच्या खाचेत बसतो आणि झाकण जाम होतं. उलट झाकण उघडं असलं की स्प्रिंगवरची एक खुंटी दांड्याला आडवी येते आणि स्विच चालू करता येत नाही. नुसतं लोखंड आणि एक स्प्रिंग, त्यात ना वायर ना कॉइल. जळण्यासारखं काहीच नाही.

आमच्या पेटीतला तो हूक चार वर्षांपूर्वी मीच पक्कडीने सरळ केला होता. तेव्हा दर दोन दिवसांनी फेज जायचा. स्विच बंद करून झाकण उघडलं तर ग्रिपच्या, म्हणजे फ्यूज तारेच्या चिनी मातीच्या ठोकळ्याच्या, खालच्या बाजूला टेस्टर लागत नाही, मग फ्यूज गेला की मागूनच लाईन नाही ते समजत नाही. चालू ठेवूनच उघडता आलं पाहिजे असं मला वाटलं. दोन मिनिटांचं काम होतं. सालदार आमच्याकडे तीन वर्षांपासून आहे. ही पेटी अशीच उघडते असं त्याला वाटायचं, आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नाही.

विनंती एवढीच, की उद्या दिवसा, लाईन नसताना, आपली पेटी पाहा. दांडा वर करा आणि झाकण उघडतं का बघा. उघडलं तर आत हात न घालता बंद करा, दांडा खाली घ्या आणि इथे सांगा.

संत्राबाग

आत्ता वाचलं आणि घरच्या पेटीजवळ जाऊन आलो. घरची ठीक आहे. बागेतली उद्या पाहतो. पण खरं सांगतो, बागेतल्या पेटीला झाकणच नाही. मागच्या पावसाळ्यात उडालं ते धुऱ्यावर पडून आहे.

सालदाराला लवकर बरं वाटो.

जुना_लाईनमन

मी लाईनवर एकतीस वर्षं काढली, आता घरी आहे. कोरडवाहू भाऊ, तुम्ही स्वतःची चूक उघड लिहिली म्हणून मीही बोलतो.

पहिली गोष्ट ही, की मेन स्विच बंद केला तरी पेटी मेली असं समजू नका. दांडा खाली केला की पाती उघडतात आणि खालची बाजू मोकळी होते. वर जिथे सर्व्हिस वायर येते ते तीन स्क्रू जिवंतच राहतात. मी पाहिलेल्या करंटच्या केसांमध्ये निम्मे लोक "मी तर बंद केलं होतं" म्हणणारे होते. त्यांनी बंद केलंच होतं. हात वरच्या स्क्रूला लागला.

दुसरी गोष्ट डीपीची, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरची. डीपीवर लोक बांबूने डीओ, म्हणजे ११ हजारच्या बाजूचा फ्यूज, टाकतात; एबी स्विच, म्हणजे डीपीची वरची लाईन तोडणारा स्विच, स्वतः ओढतात. एबी स्विचचा दांडा एक, पण वर पाती तीन. सांधे झिजले की दोन पाती उघडतात आणि तिसरं चिकटून राहतं. खालून दांडा ओढल्याचं समाधान होतं आणि वर ११ हजार व्होल्ट तसेच असतात. आम्हाला शिकवलं होतं की दांडा ओढल्यावर मान वर करायची, तीन पाती तीन वेळा मोजायची, मग कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. त्यानंतर लाईन तपासायची, आणि काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी अर्थिंगच्या साखळ्या टाकायच्या. दोन्ही बाजूंनी कशाला, ते नवीन पोरांना कळत नाही. सांगतो.

कोणाच्या घरी जनरेटर असतो. लाईन गेली की तो चालू करतात आणि मेन न काढता घरच्या सॉकेटमध्ये वायर खुपसतात. ते २३० व्होल्ट उलटे डीपीत जातात. ट्रान्सफॉर्मरला उलटं सुलटं कळत नाही, तो त्याचे परत ११ हजार करून लाईनवर पाठवतो. खांबावर चढलेला माणूस सबस्टेशनकडून बंद असलेल्या लाईनवर मरतो. माझा एक सोबती असाच गेला. पुढचं लिहीत नाही.

जनरेटर ठेवा, पण चेंजओव्हर स्विच लावा. त्याचा दांडा एकतर लाईनकडे असतो नाहीतर जनरेटरकडे, मध्ये बंद. दोन्हीकडे एकदम जाताच येत नाही. तुमच्या पेटीतला हूक करतो तेच काम.

पऱ्हाटीवाला

भाऊ तुमचं समदं खरं हाय, मले पटते. पन लाईनमन चार चार दिवस येत नाई. फोन लावला तं म्हंते, येतो. हरबरा फुलावर आला, त्याले पानी कवा देवाव मंग? तुमी शहरातले लोक नाई, तुमाले मालूम हाय. डीओ पडला तं दहा शेतकऱ्यायची मोटर बंद. कोनीतरी बांबू घेतेच. मी सोता टाकला हाय डीओ, दोनदा. भेव लागते, पन टाकला.

जुना_लाईनमन

पऱ्हाटीवाला भाऊ, तुमचा राग खरा आहे. माझ्याकडे शेवटी शेवटी आठ गावं होती आणि एक मदतनीस. पावसाळ्यात मी कुठे कुठे पुरणार? त्यामुळेच गावोगावी झिरो वायरमन, म्हणजे नोकरीवर नसलेले खाजगी वायरमन, तयार झाले, त्यांना ना हातमोजे, ना दोरी, ना पगार. पण डीओ पडतो तो खाली काहीतरी बिघडलं म्हणून. बिघाड न शोधता नवीन तार बांधून टाकला की तो हातातच पेटतो. ठिणगी अंगावर येते, ती खाली पडत नाही. बांबू ओला असेल तर बोलायलाच नको. १९१२ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, दहा जणांनी दहा तक्रारी करा. त्याने उद्या लाईन येईल अशी खात्री मी देत नाही. पण तुम्ही तिसऱ्यांदा बांबू हातात घेऊ नका, एवढं माझं ऐका.

आयटीआय_गुरुजी

मी इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो, बुलढाणा जिल्ह्यात. धागाकर्त्याने लिहिलेलं एक वाक्य सगळ्यांनी परत वाचावं: कोणता फेज गेला ते पाहायला हूक सरळ केला. सुरक्षेच्या वस्तू लोक हौसेने मोडत नाहीत. कामात काहीतरी अडतं म्हणून मोडतात. नुसतं "हूक परत वाकवा" म्हटलं तर पुढच्या महिन्यात तो परत सरळ होईल. अडतंय काय, ते आधी काढा.

इथलं अडणं सोपं आहे. पेटीच्या बाहेर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे लावा, येणाऱ्या लाईनवर, मेनच्या आधी, प्रत्येकाला आपला छोटा फ्यूज देऊन. मेननंतर असेच आणखी तीन. वरचे तिन्ही पेटले आणि खालचा पिवळा विझला तर तुमचा फ्यूज गेला. वरचाच विझला तर लाईनच नाही, पेटी उघडायचं कारणच उरत नाही. मात्र एक सांगून ठेवतो. दिवा विझला म्हणजे तार मेली असं धरून हात लावायचा नाही, दिव्याचा फ्यूजही जाऊ शकतो. दिवे कुठे पाहायचं ते सांगतात. हात लावण्याआधी टेस्टरच, आणि तोही आधी जिवंत जागी लावून पेटतो का बघून. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आता ग्रिपमधली तार. पाच एचपीची मोटार ४१५ व्होल्टवर चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. सुरू होताना थेट स्टार्टरवर त्याच्या सहापट, कधी जास्त, पण काही सेकंदच. तो धक्का सोसेल आणि बिघाडात वितळेल अशा मापाची फ्यूज तार मिळते, आणि स्वस्त मिळते. ती घरात नसते म्हणून लोक केबलच्या चार तारा पिळून घालतात. मग ग्रिप कधीच जात नाही, आणि फ्यूजच्या जागी केबल आणि मोटार जळते. फ्यूज तारेचं कार्ड पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. रात्री एक वाजता ती तिथेच लागणार आहे.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, लावली असेल तर एक चांगली गोष्ट माहीत असू द्या. तिची दांडी वर दाबून धरली तरी आतली यंत्रणा सुटते. हाताच्या जोराने ती अडवता येत नाही, ती बनवलीच तशी आहे. आत दोन पहारेकरी असतात. दोन धातूंची पट्टी तापून हळूहळू वाकते, ती जास्त लोडसाठी. कॉइल एका झटक्यात ओढते, ती शॉर्टसाठी. हा बंदोबस्त मोडायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे सोळा अँपिअरची काढून त्रेसष्टची बसवणे. तोही लोक वापरतात.

मळेकरीण

माझ्या विहिरीवर अर्थिंग आहे, कोळसा आणि मीठ घालून केलेली. मागच्या उन्हाळ्यात तरी स्टार्टरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. वायरमन म्हणाला अर्थिंग आहे, घाबरू नका. मी घाबरतेच. माझी दोन लहान मुलं तिथे खेळतात.

आयटीआय_गुरुजी

ताई, तुम्ही घाबरता ते बरोबर आहे. तो पत्रा आजच बंद करून तपासून घ्या. अर्थिंग असूनही असं का होतं ते हिशोबाने दाखवतो.

समजा एक फेज आतून पत्र्याला लागला. करंट पत्र्यातून तुमच्या अर्थिंगमध्ये, जमिनीतून डीपीच्या अर्थिंगमध्ये आणि तिथून परत जातो. तुमचा खड्डा १० ओहम आणि डीपीचा ५ ओहम धरू. २३० भागिले १५, म्हणजे साधारण १५ अँपिअर. ग्रिपमध्ये जाड तार आहे, ती १५ अँपिअरला हलत नाही. फ्यूज जात नाही. आणि पत्र्यावर किती राहतात? १५ गुणिले १०, म्हणजे सुमारे १५० व्होल्ट. अर्थिंग आहे, फ्यूज आहे, दोन्ही आपापल्या जागी आहेत आणि पत्र्यावर माणूस मारण्याइतका दाब बसून आहे.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात मस्त ओली, तेव्हा खड्डा चांगला लागतो. मार्च गेला की ती आकसते, भेगा पडतात, इलेक्ट्रोडपासून सुटते. १० ओहमचा खड्डा मे महिन्यात १० चा राहत नाही. तुमच्या झिणझिण्या उन्हाळ्यातच आल्या, ते यामुळे. खड्ड्यात पाणी ओतायचा पाइप कोरड्या दिवसांत वापरायचा असतो.

म्हणून आरसीसीबी. ती जाणारा आणि येणारा करंट एकाच कड्यातून नेऊन तोलते. फरक पडला म्हणजे कुठेतरी जमिनीत जातोय. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी तेवढ्या फरकावर ०.३ सेकंदाच्या आत तोडलीच पाहिजे, आणि फरक पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. १५ अँपिअर ही ग्रिपसाठी किरकोळ गोष्ट, आरसीसीबीसाठी पाचशे पट. दहा मिलीअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि सुटत नाहीत, त्यावरून अंदाज घ्या.

तिच्याही मर्यादा आहेत. दोन हातांनी दोन फेज धरले तर तिला काही कळत नाही, कारण जमिनीत काही जात नाही. जास्त लोड आणि शॉर्टही ती पाहत नाही, सोबत एमसीबी हवीच. चार पोलच्या काही आरसीसीबींमध्ये टेस्टचं बटण न्यूट्रलवर चालतं. मोटारीला न्यूट्रल लागत नाही म्हणून वायरमन तो जोडत नाहीत, मग बटण दाबलं तरी ती ट्रिप होत नाही. बसवताना अंगावरचं चित्र पाहून जोडायला सांगा, आणि महिन्यातून एकदा बटण दाबा.

संत्राबाग

माझ्याकडे आरसीसीबी लावली होती. रोज ट्रिप व्हायची. शेवटी वायरमनने काढून सरळ जोडून दिलं. आता दोन वर्षं शांत आहे.

आयटीआय_गुरुजी

संत्राबाग, ती रोज काहीतरी सांगत होती. सबमर्सिबल असेल तर बहुतेक वेळा केबलचा जोड पाण्यात भिजलेला असतो, किंवा बोरच्या काठावर केबल घासून सोललेली असते. मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून पाहा. केबल खूप लांब असेल तर निरोगी केबलचीही थोडी गळती असते हे खरं, पण ते मेगरनंतरचं बोलणं.

पऱ्हाटीवाला

गुरुजी, आमच्याकडं ऑटो स्विच हाय. लाईन आली की मोटर आपोआप चालू. रातच्या लाईनले तेच बरं पडते ना? आन दोन फेजवर कंडेन्सर लावून चालवतो, ते चालते का?

जुना_लाईनमन

ऑटोचं मी सांगतो. मोटार बंद आहे म्हणून माणूस विहिरीत उतरतो, फूटव्हॉल्व्ह साफ करतो, आणि लाईन येते. ऑटो त्याला विचारत नाही. ठेवायचा तर ठेवा, पण मोटारीच्या कामाला हात लावण्याआधी मेनचा दांडा खाली आणि त्याला कुलूप. त्या दांड्याला आणि पेटीला एक एक भोक असतं, पाहिलंय का कधी? दोन्ही एका रेषेत येतात ती कुलपाचीच जागा. विहिरीत उतरणाऱ्याच्या खिशात किल्ली.

कंडेन्सरचं एकच. सिंगल फेजिंगचा प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र, काढल्याशिवाय ती मोटार दोन फेजवर चालतच नाही. म्हणजे आधी एक रक्षक काढला, मग मोटार तापवली. रिवाइंडिंगचं बिल दर हंगामाला कोण भरतो ते पाहा.

वरुडचा_इंजिनिअर

सोलर पंपवाल्यांसाठी एक भर. घरातली एसी एमसीबी सोलरच्या डीसी बाजूला लावू नका. ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. संपर्क उघडला तरी ठिणगी तशीच ओढली जाते आणि एमसीबी पेटते. डीसी एमसीबीच घ्या, आणि तिच्यावर प्लस मायनसची खूण असेल तर तशीच जोडा. आणि ऊन आहे तोवर पॅनल बंद करता येत नाहीत. एकामागे एक जोडले की शेकडो व्होल्ट होतात. पंप चालू असताना पॅनलचे जोड ओढून काढायचे नाहीत, आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच.

मळेकरीण

दुपारी वायरमनला बोलावलं होतं. स्टार्टरच्या आत एका फेजची वायर पत्र्याच्या भोकातून जाते, तिथलं रबर पडून गेलं होतं आणि वायर अर्धी कापली गेली होती. तांबं दिसत होतं. रबर बदललं, वायर बदलली. आरसीसीबी सांगितली आहे. मुलांना तिकडे सध्या जाऊ देत नाही.

कोरडवाहू_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहितो.

पेटी नवीनच घेतली. जुना हूक परत वाकवून पाहिला, पण एकदा सरळ केलेलं लोखंड परत वाकवताना त्यावर बारीक तडा दिसला, म्हणून भरवसा ठेवला नाही. बाहेर सहा दिवे लावले. आरसीसीबी बसवली, आणि पहिल्याच संध्याकाळी ती तीनदा ट्रिप झाली. आधी वाटलं, काढून टाकावी. मग संत्राबाग यांना गुरुजींनी दिलेलं उत्तर आठवलं. मेगर मागवला. विहिरीच्या काठावरच्या जोडाला टेप होती, तिच्या आत पाणी. जोड कापून नवीन केला, त्यानंतर एकदाही ट्रिप नाही.

सालदार आज वावरात आला होता. काम सांगितलं नाही, तोच म्हणाला पेटी पाहतो. झाकण उघडं ठेवून दांडा वर करून बघितला. गेला नाही. परत जोर लावला, गेला नाही. मग झाकण लावून दांडा वर केला आणि झाकण ओढून पाहिलं. तिसऱ्यांदाही ओढलं. सध्या रात्री त्याच्यासोबत मी जातो.

संत्राबाग

धुऱ्यावरचं झाकण आणलं, पण बिजागरी गेली आहे. नवीन पेटीच घेतो. कोरडवाहू, दिवे एलईडीचे घेतले का निऑनचे? आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून काय केलं?

कोरडवाहू_दारव्हा

एलईडीचे, २३० व्होल्टचे, प्रत्येक फेज ते न्यूट्रल असे. पेटीवर पत्र्याची टोपी केली आहे, पुढे वीतभर आलेली. वायर सगळ्या खालून घेतल्या, वरून एकही नाही. फोटो उद्या टाकतो, आत्ता लाईन आली आहे.